दौरा घराच्या दारापासून मोजा

प्रति,
मुंबईतल्या कंपन्यांचे मनुष्यबळ विभागप्रमुख आणि दौऱ्याच्या अर्जावर सही करणारे सर्व व्यवस्थापक यांस,

विषय : फिरतीच्या नोकरीतली तब्येत, घर आणि तिकिटांच्या वेळा

सप्रेम नमस्कार,

आम्ही कंपन्यांच्या दवाखान्यांत बसणारे डॉक्टर आणि परिचारिका, आणि ट्रॅव्हल डेस्कवर तिकिटं काढणारी माणसं. एकाच दौऱ्याची दोन टोकं आमच्या हातात असतात. आमच्यातले अर्धे जाण्याआधी तिकीट काढतात, उरलेले अर्धे आल्यावर रक्तदाब मोजतात. ही दोन टेबलं एकमेकांशी कधी बोलत नाहीत, म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे: दौरा विमानाच्या वेळेवरून मोजू नका. माणूस घराबाहेर पडतो तेव्हापासून घरात परत येतो तोपर्यंत मोजा.

सकाळी सहाचं दिल्लीचं विमान घ्या. माणूस डोंबिवलीचा आहे. सामान द्यायचं तर काउंटर तासभर आधी बंद होतो, त्यामुळे सव्वाचारपर्यंत विमानतळावर पोहोचायला हवं. त्या वेळी लोकल मिळण्याचा भरवसा नाही. मेट्रो ३ ला विमानतळाची स्थानकं मिळाली, पण सहाच्या विमानाला तिचा उपयोग नाही. म्हणजे टॅक्सी तीनला आणि उठणं दोनला. रात्री साडेदहाला अंग टाकलं असेल तरी झोप जेमतेम साडेतीन तास. दिल्लीत साडेदहाला मीटिंग, परतीचं विमान रात्री नऊला, मुंबईत उतरायला सव्वाअकरा, घरी पोहोचायला एक. हा बावीस तासांचा दिवस कंपनीच्या कागदावर ‘एक दिवसाचा दौरा, मुक्काम नाही’ असा नोंदला जातो आणि दुसऱ्या दिवशी साडेनऊची हजेरी तशीच राहते. हॉटेलचं एका रात्रीचं भाडं वाचलं, एवढंच त्या कागदावर दिसतं.

त्याच विमानाच्या वैमानिकाला विश्रांतीचे नियम आहेत. विमान वाहतूक नियामक डीजीसीएने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या नियमांत वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या उड्डाणांवर जास्त कडक मर्यादा घातल्या. मागे बसलेल्या सर्व्हिस इंजिनिअरला असला कुठलाच नियम लागू नाही. तो विमान चालवत नाही हे खरं, पण उतरल्यावर पाचशे व्होल्टच्या पॅनेलसमोर उभा राहतो, किंवा पुण्याहून रात्री अकराला स्वतः गाडी चालवत घाट उतरतो. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि नजर रक्तात ०.०५ टक्के दारू असल्याइतकी मंदावते, हे १९९७ पासून प्रयोगांनी माहीत आहे. आपल्याकडे वाहन चालवताना कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. मद्यपानाबद्दल कंपन्यांची शून्य सहनशीलता असते. झोपेबद्दल धोरणात एक ओळही नसते.

म्हणून तीन नियम लिहून ठेवा. घरी पोहोचण्याची वेळ आणि पुढच्या कामाची सुरुवात यांच्यात किमान ११ तास जावेत. युरोपीय संघात हा आकडा १९९३ च्या निर्देशापासून कायद्यात आहे, त्यामुळे तुमच्या युरोपीय ग्राहकाला तो समजावून सांगावा लागणार नाही. दुसरा नियम: पहाटे पाचच्या आधी घर सोडावं लागत असेल तर आदल्या संध्याकाळी जाणं आणि मुक्काम हे आपोआप मंजूर धरावं, वेगळी परवानगी मागायला लावू नये. तिसरा: दरवाजा ते दरवाजा १४ तासांच्या वर गेलं तर स्वतः गाडी चालवून परतायचं नाही. कंपनीने चालक द्यावा नाहीतर मुक्काम द्यावा.

ट्रॅव्हल डेस्कला एक सूचनाही द्या. नवी मुंबईचं विमानतळ सुरू झाल्यापासून बुकिंगच्या यादीत दोन्ही विमानतळांची तिकिटं ‘मुंबई’ म्हणून एकाखाली एक येतात. स्वस्त दिसलं म्हणून बोरिवलीच्या माणसाला उलव्याच्या या नव्या विमानतळावर पाठवलं, तर तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीत जातात आणि झोपेचे दोन तासही जातात. उलट खारघर-पनवेलच्या माणसाला तेच विमानतळ वरदान आहे. तिकीट काढायच्या फॉर्मात घरचा पिनकोड हा रकाना नसतो. तो घाला.

आता तब्येतीचं. मधुमेहावर जरा सविस्तर बोलायला हवं, कारण फिरतीत सर्वांत जास्त गडबड तिथेच होते. गोळ्यांवर असलेले बरेच जण ग्लिमेपिराइड घेतात. पोटात अन्न येवो न येवो, ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. सहाला गोळी घेतली, गाडी साडेसहाला आली, हॉटेलचा नाश्ता साडेसातला सुरू होणार होता, साइटवर नुसता बिनसाखरेचा चहा मिळाला आणि मीटिंग दीडपर्यंत लांबली, की साखर ७० च्या खाली जाते. हात कापतात, घाम फुटतो, माणूस वसकन अंगावर येतो आणि समोरच्याला वाटतं साहेबांचा मूड बिघडलाय. उपाय साधा आहे. चहाचे तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच द्यायची आणि सावरल्यावर पोळी-भाजी किंवा निदान बिस्किटं खायला घालायची. अशा वेळी चॉकलेट देऊ नये, त्यातल्या चरबीमुळे साखर सावकाश चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८ ला फोन करायचा. पण मूळ दुखणं नाश्त्याच्या वेळेचं आहे. हॉटेल बुक करतानाच ‘सहा वाजता डबा बांधून हवा’ हे लिहून घ्या. आदल्या रात्री सांगितलं तर बहुतेक हॉटेलं देतात, सकाळी सांगितलं तर स्वयंपाकघर उघडलेलंच नसतं.

इन्सुलिनवाल्यांचा घोळ वेगळा. खोलीतला छोटा फ्रीज अनेक हॉटेलांत की-कार्डच्या विजेवर चालतो. कार्ड काढून माणूस बाहेर पडला की फ्रीज बंद, आणि संध्याकाळपर्यंत आतलं सगळं कोमट. हे टाळायला कोणी इन्सुलिनचं पेन बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवतं, तर इन्सुलिन गोठतं. गोठून वितळलेलं इन्सुलिन दिसायला नेहमीसारखं असलं तरी टाकूनच द्यावं लागतं. ते चेक-इन सामानातही याच कारणासाठी ठेवायचं नाही. खरं तर चार दिवसांच्या दौऱ्यात चालू पेनाला फ्रीज लागतच नाही. बहुतेक प्रकारची चालू पेनं ३० अंशांच्या आत सुमारे चार आठवडे टिकतात, वेष्टनावर पाहून घ्यावं. न उघडलेलं पेन मात्र २ ते ८ अंशांत हवं, ते नाव लिहून रिसेप्शनच्या फ्रीजमध्ये द्यावं. पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्या नागपूरच्या मेमध्ये झकास चालतात, मुंबईच्या जुलैत त्यांचा भरवसा नाही, कारण दमट हवेत त्यातलं पाणी उडतच नाही. आणि मे महिन्यात साइटवर उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर औषधाची पिशवी ठेवणं म्हणजे औषध फेकून देणंच.

यात कंपनीच्या हिशेब खात्याचाही हात आहे. बिल नसलेली दोन केळी आणि मूठभर चणे पास होत नाहीत, जीएसटी क्रमांकासह आलेलं पनीर बटर मसाला होतं. मग माणूस तेच खातो, रात्री दहाला, आणि आडवा होतो. ठरावीक रकमेपर्यंतचा दैनिक भत्ता विनाबिल द्या. आम्ही लिहून देणाऱ्या गोळ्यांपेक्षा याचा परिणाम लवकर दिसेल.

रक्तदाबाच्या औषधांत अनेकदा लघवीची गोळी असते, आणि प्रवासाच्या दिवशी नेमकी तीच चुकवली जाते, कारण लघवीला जायला जागा कुठे मिळेल याची खात्री नसते. बायका तर पाणीच पीत नाहीत, मग लघवीच्या जागी जळजळ आणि दौऱ्यावर ताप. कंपनीच्या गाडीला दर दोन तासांनी थांबा बंधनकारक करा. एक्स्प्रेसवेवर घाट चढण्याआधी खालापूरचा थांबा चुकवायचा नाही, पुढे कोंडी लागली तर तास-तास उतरता येत नाही. उठून चार पावलं चालल्याने पाठीलाही तेवढाच आराम. गोळीची वेळ पुढे-मागे करायची की नाही हे डॉक्टरला विचारून ठरवावं, मनाने नाही. इथे एक तक्रार नोंदवतोच. वार्षिक आरोग्य तपासणीची तारीख लावताना दौऱ्याचं वेळापत्रक कोणी पाहत नाही. रात्रभर प्रवास करून, उपाशीपोटी, धापा टाकत आलेल्या माणसाचा रक्तदाब चढलेलाच दिसणार. पाच मिनिटं शांत बसवून, पाय जमिनीला टेकवून, हात हृदयाच्या पातळीत ठेवून, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजलेला आकडाच धरायचा असतो.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेऊन पुढे अर्धा-एक तास चहाही घ्यायचा नसतो, हे पहाटेच्या विमानात जमत नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेण्याबद्दल डॉक्टरशी बोलावं. फिट्स येणाऱ्या माणसाला रात्रीचा प्रवास देऊच नये, अपुरी झोप हे फिट्सचं ठरलेलं निमित्त आहे. दम्याच्या माणसाला नोव्हेंबर-डिसेंबरात दिल्लीच्या उघड्या साइटवर पाठवायचं काम फेब्रुवारीवर ढकलता येतं का ते आधी पाहावं. चार तासांपेक्षा लांब प्रवासात पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं. एकूण धोका लहानच, पण नुकती शस्त्रक्रिया झालेल्या, गरोदर किंवा आधी गाठ झालेल्या व्यक्तीला तो जास्त असतो. त्यांना कडेची सीट द्या, खिडकीची नको. दुबईला जाणाऱ्यांनी कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली औषधं आधी परवानगी घेतल्याशिवाय सोबत नेऊ नयेत, तिथे ती नियंत्रित आहेत. आणि सर्वांसाठी: औषधं दौऱ्याच्या दिवसांपेक्षा तीन दिवस जास्त घ्यायची, गोळ्या सुट्या न करता पाकिटासकट न्यायची, हातातल्या बॅगेत ठेवायची. चिठ्ठीवर ब्रँडबरोबर मूळ औषधाचं नाव हवं, म्हणजे परगावच्या जनऔषधी केंद्रातही तेच औषध दुसऱ्या नावाने मिळतं.

हे सगळं तुम्हाला कळणार कसं? माणसं आजार सांगत नाहीत. ‘फिरतीला अयोग्य’ हा शिक्का बसला की बढतीच्या यादीतून नाव जातं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मॅनेजरला आजाराचं नाव कळायची गरजही नाही. त्याला फक्त मर्यादा कळायला हवी. आम्ही सुचवतो ती पद्धत अशी: कंपनीचा डॉक्टर अर्ध्या पानाची प्रवास-चिठ्ठी देईल. तीत निदान नसेल. ‘सकाळी सातच्या आधी प्रवास नको, दर चार तासांनी जेवण, ७ किलोवर वजन उचलायचं नाही, सलग दोन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम नको’ अशा ओळी असतील आणि पुढच्या तपासणीची तारीख असेल, शक्यतो तीन महिन्यांनी, कारण एचबीए१सी ही रक्तातल्या साखरेची चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांचं चित्र दाखवते. चिठ्ठीची एक प्रत ट्रॅव्हल डेस्ककडे जाईल, मूळ कागद दवाखान्यात कुलुपात राहील. चिठ्ठीत न बसणारं तिकीट डेस्कने काढायचंच नाही, बॉसचा फोन आला तरी. आणि या चिठ्ठीमुळे टळलेला दौरा मूल्यमापनात नकार म्हणून मोजायचा नाही. हे शेवटचं वाक्य धोरणात छापील नसेल तर चिठ्ठी मागायला कोणी येणार नाही.

घराकडे वळू. दौऱ्याचे दिवस किती, यापेक्षा तारखा किती वेळा हलल्या यावर घर मोडतं किंवा टिकतं. मुंबईतलं घर वेळांच्या सांध्यांवर उभं असतं: पोळ्या करणाऱ्या मावशी आठला, शाळेची बस सातला, सासऱ्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, नवऱ्याची किंवा बायकोची शिफ्ट. मंगळवार-बुधवारचा दौरा पक्का असेल तर पुण्याच्या मावशीला बोलावता येतं, शेजारच्या काकूंकडे किल्ली देता येते. सोमवारी रात्री तो गुरुवार-शुक्रवार झाला की सगळं पुन्हा. किमान दहा दिवस आधी तारीख द्या. त्यानंतर बदलायची असेल तर विभागप्रमुखाची सही आणि लेखी कारण मागा. निम्मे बदल तिथेच गळतील. ग्राहकाच्या नावावर खपवलेले बरेच बदल ग्राहकाने मागितलेले नसतातच.

प्रत्येकाला महिन्याला चार ‘राखीव दिवस’ द्या, ज्यांवर दौरा लागणार नाही आणि ज्यांचं कारण कोणी विचारणार नाही. कुणी ते आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला लावेल, कुणी पालकसभेला, कुणी नुसता झोपेल. मार्चचं वेगळं बघावं लागेल. वर्षअखेरीची टार्गेटं, ऑडिट आणि दहावी-बारावीच्या परीक्षा एकाच सुमाराला येतात. ज्यांच्या घरी त्या वर्षी बोर्डाचं मूल आहे त्यांची नावं डिसेंबरमध्येच घ्या आणि त्यांचे दौरे जानेवारीत उरका. परतीचा प्रवास रविवारी दुपारी असेल तर मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते आधी पाहा. दादरला उतरून कल्याणला जाणाऱ्याचे दोन तास त्यात जातात, आणि घरच्यांनी जेवायला थांबून धरलेला एकमेव दिवसही जातो.

पाळणाघराबद्दल एक स्पष्ट बोलायचं आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि अनेकांनी ती ऑफिसच्या इमारतीत केली. आई इंदूरला गेली असताना बदलापूरचं मूल अंधेरीच्या पाळणाघरात कोण नेणार? लोकलच्या गर्दीतून आजी? दौऱ्याच्या दिवसांपुरता घराजवळच्या पाळणाघराचा किंवा सांभाळणाऱ्या बाईचा खर्च कंपनीने टॅक्सीच्या बिलासारखा प्रवासखर्चात धरावा. आणि तो बापालाही द्यावा. फक्त आईला दिलात तर पुढच्या वर्षी मॅनेजर आईचं नाव दौऱ्यातून काढून टाकतील आणि त्याला सवलत म्हणतील.

रात्री दोनला घरून फोन आला की वडिलांना आयसीयूत हलवलं, तर परतीचं तिकीट कोण काढणार? बहुतेक कंपन्यांत याचं उत्तर ‘सकाळी अप्रूव्हल आल्यावर’ असं आहे. ट्रॅव्हल डेस्कच्या रात्रपाळीला २५ हजार रुपयांपर्यंतचं तिकीट विनापरवानगी काढायचा अधिकार द्या, कागद नंतर होतील. मेडिक्लेमचंही घरच्यांना नीट समजावून द्यायला हवं, कारण पॉलिसीवाला माणूस गावाबाहेर असतो आणि काउंटरवर उभी असते बायको किंवा कॉलेजातला मुलगा. जानेवारी २०२४ पासून विमा कंपन्यांच्या यादीत नसलेल्या रुग्णालयातही कॅशलेस मागता येतं, पण ठरलेल्या उपचारासाठी ४८ तास आधी आणि तातडीच्या भरतीनंतर ४८ तासांच्या आत विमा कंपनीला कळवावं लागतं. हे कळवायचं राहिलं की दावा अडकतो. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. पॉलिसी क्रमांक, टीपीएचा (विमा कंपनीच्या वतीने दावे पाहणाऱ्या संस्थेचा) फोन, आधारच्या प्रती, चालू औषधांची यादी आणि सही करू शकणाऱ्या दुसऱ्या नातेवाइकाचं नाव अशी एक फाईल घरात कुठे आहे, हे फिरतीवरच्या माणसाव्यतिरिक्त दोघांना माहीत हवं. ही फाईल बनवायला एचआरने वर्षातून एक दुपार द्यावी.

पावसाळ्याची एक गोष्ट फक्त मुंबईच्या कंपन्यांना सांगावी लागते. जुलैत गुडघाभर पाण्यातून घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी रायपूरला जातो आणि आठव्या दिवशी तिथे तापाने पडतो. तिथला डॉक्टर आधी फ्लू किंवा टायफॉइड धरणार. पाण्यातून चालल्याचं सांगितलं तरच लेप्टोचा, म्हणजे साचलेल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, विचार लवकर होईल. लक्षणं बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतात. पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावं, असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते. तुंबलेल्या दिवसानंतर निघणाऱ्या प्रत्येकाला ट्रॅव्हल डेस्कने हा एसएमएस तिकिटाबरोबर पाठवावा.

खर्च वाढेल, नाही असं नाही. मुक्काम वाढतील, काही तिकिटं महाग पडतील, काही दौरे व्हिडिओ कॉलवर जातील, आणि त्यातले काही आधीच तिथे जायला हवे होते. एप्रिलपासूनचं नवं प्रवास-धोरण छापण्याआधी त्याचा मसुदा महिन्यात दहा दिवस बाहेर असणाऱ्या चार जणांना वाचायला द्या. त्यांत एक लहान मूल असलेली बाई असावी, एक इन्सुलिन घेणारा असावा. त्यांनी खुणा केलेली प्रत ट्रॅव्हल डेस्क आणि दवाखाना या दोन्ही टेबलांवर पाठवा, आम्ही आठवड्यात उत्तर देऊ.

आपले,
कंपन्यांच्या दवाखान्यांतले आणि ट्रॅव्हल डेस्कवरचे काही जण, मुंबई